वाचकांची प्रश्नोत्तरे : गोठूनही जगणाऱ्या हिवाळी कळ्या

पाण्यात वाढणाऱ्या कीटकभक्षी वनस्पती हिवाळा कसा काढतात, याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : युट्रिक्युलेरिया व्हल्गॅरिस ही तरंगणारी वनस्पती मी उघड्यावरच्या सुमारे 40 लिटरच्या टबमध्ये वाढवतो. शरद ऋतूत तिच्या फांद्यांच्या टोकांना हरभऱ्याएवढ्या, हिरव्या, बुळबुळीत कळ्या धरल्या. त्यांपैकी वीस कळ्या काढून मी काचेच्या छोट्या बाटल्यांत पाण्यासह घातल्या आणि फ्रीजमध्ये 3 अंश सेल्सिअसला ठेवल्या. बाकीच्या टबमध्येच राहू दिल्या. ऐन हिवाळ्यात टब तळापर्यंत गोठला, तेव्हा त्यातल्या कळ्यांची आशा मी सोडलीच होती. जानेवारीच्या अखेरीस फ्रीज रिकामा करायचा होता म्हणून बाटल्या टबशेजारी नेऊन ठेवल्या आणि लागोपाठ दोन रात्री पारा उणे 11 अंशांपर्यंत उतरला. वसंतात टबमधल्या बहुतेक कळ्या फुटल्या, बाटल्यांतली मात्र एकही फुटली नाही. ज्या जपल्या त्याच कशा मेल्या?

उत्तर : आपल्या हातून नकळत एक चांगला प्रयोग घडला आहे, फक्त त्याची किंमत वीस कळ्यांनी मोजली. या कळ्यांना वनस्पतिशास्त्रात ट्युरिऑन म्हणतात. दिवस लहान होऊ लागले आणि पाणी थंडावले की फांदीचे टोक लांब वाढण्याऐवजी जागच्या जागी आखडते, नवी पाने आखूड व जाड होऊन एकमेकांवर घट्ट बसतात, त्यांत पिष्ट, साखर आणि प्रथिने साठतात, आणि मागची सगळी फांदी हळूहळू कुजून जाते. अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचा या बदलात मोठा वाटा असतो. वसंतात उरते ती एवढी कळीच. संपूर्ण वनस्पती तिच्यातूनच पुन्हा उभी राहते.

आता गोठण्याविषयी. गोठणे आणि मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे आधी मनाशी पक्के करावे लागते. वनस्पतीच्या ऊतीत पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या आत आणि पेशींच्या मधल्या फटींमध्ये. बर्फ पेशीच्या आत झाला तर त्याचे स्फटिक पेशीतील पटले फाडतात आणि ती पेशी मेलीच म्हणून समजावे. तोच बर्फ बाहेरच्या फटींमध्ये झाला तर पेशीतील पाणी हळूहळू पटलातून बाहेर झिरपून त्या बर्फाला मिळत जाते; पेशी आक्रसते, सुकते, परंतु आत स्फटिक होत नाही. इतके सुकणे तिला सोसले तर बर्फ वितळल्यावर ती पाणी परत ओढून घेते आणि पूर्ववत होते.

थंडीतून वाचण्याचे म्हणून दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गोठणे टाळणे. अगदी शुद्ध पाणीसुद्धा शून्य अंशाला गोठलेच पाहिजे असे नाही. बर्फाचा पहिला कण धरायला काही आधार सापडला नाही तर ते शून्याच्या कितीतरी खाली द्रवरूपात राहते. याला अतिशीतन म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे गोठणे सोसणे, अर्थात बर्फ लवकर, पण योग्य जागी, पेशींच्या बाहेर होऊ देणे.

चेक प्रजासत्ताकातील ट्रेबोन येथील वनस्पतिशास्त्र संस्थेत ल्युबोमिर आदामेत्स आणि आंद्रेया कुचेरोवा यांनी नेमके हेच तपासले. त्यांचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. कळीत केसासारख्या बारीक थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, टोक खोचून तिला सावकाश थंड करत न्यायचे, एवढीच त्यामागची रीत. तापमान उतरत जाते, उतरत जाते, आणि एका क्षणी आलेखाची रेघ एकदम वर उसळते. पाणी गोठताना जी सुप्त उष्णता बाहेर टाकते तिची ती खूण. ज्या कळ्या सौम्य थंडीत ठेवल्या होत्या, ज्यांना खऱ्या दहिवराची, म्हणजे शून्याखालच्या थंडीची, ओळखच नव्हती, त्यांत ही उसळी सुमारे उणे 7 ते उणे 10 अंशांच्या दरम्यान आली. बाहेर राहून हलक्या दहिवरांना सरावलेल्या कळ्यांत ती याहून खाली येईल, असा कोणाचाही अंदाज असणार. प्रत्यक्षात युट्रिक्युलेरियाच्या सरावलेल्या कळ्यांत ती उणे 3 अंशांच्या आसपासच आली. कणखर झालेली कळी लवकर गोठते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही छपाईची चूक वाटली होती.

त्याचा अर्थ असा की शरदातली ताजी कळी गोठणे टाळण्याच्या मार्गावर असते आणि सरावलेली कळी गोठणे सोसण्याच्या मार्गावर गेलेली असते. सरावलेल्या कळीत बर्फ उणे 3 अंशांना, म्हणजे घाई न करता, पानांच्या मधल्या फटींत होऊ लागतो आणि पेशींना पाणी बाहेर सोडायला सवड मिळते. न सरावलेल्या कळीचे पाणी उणे 8 किंवा उणे 9 अंशांपर्यंत द्रवरूपात ताणले जाते, आणि अशा खोल अतिशीतनातून बर्फ सुटला की तो क्षणार्धात पसरतो. पाणी बाहेर झिरपण्याइतका वेळच उरत नाही. आपल्या बाटल्यांतल्या कळ्या तीन अंशांच्या ऊबदार आयुष्यातून थेट उणे 11 अंशांत गेल्या. सराव होण्याची संधी त्यांना मिळालीच नव्हती.

आपल्या प्रकरणात आणखी एक गोष्ट भर घालणारी आहे, आणि ती वनस्पतीची नसून पाण्याची आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 334 ज्यूल उष्णता बाहेर टाकते. 40 लिटरचा टब पूर्ण गोठायचा तर त्यातून 13,000 किलोज्यूलांहून अधिक उष्णता निघून जावी लागते, आणि हे होईपर्यंत आतले तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळते. 20 मिलीलिटरच्या बाटलीला त्यासाठी 7 किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत. टबमधल्या कळ्यांना शून्य अंशाचे कित्येक दिवस मिळाले असणार, बाटलीतल्या कळ्यांना फार तर काही तास. शिवाय टबमध्ये कळीला चारी बाजूंनी बर्फ टेकलेला असतो. त्याच्यामुळे कळीतही बर्फाची सुरुवात लवकर होते आणि खोल अतिशीतनाची वेळच येत नाही. आपल्या कळ्या नेमक्या कशाने मेल्या, सरावाच्या अभावाने की वेगाने, याची वाटणी एका हिवाळ्यावरून करता येणार नाही. दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढत होती, एवढे मात्र नक्की.

गोठलेल्या टबमधली एखादी कळी पुढच्या हिवाळ्यात बर्फासकट काढून, थंड पात्याने उभी चिरून भिंगाखाली अवश्य पाहा. कांद्यासारख्या एकावर एक बसलेल्या पानांच्या थरांमध्ये बर्फाच्या पातळ चकत्या चमकताना दिसतात आणि पाने स्वतः चिवट, किंचित सुरकुतलेली असतात. सोसणे कसे दिसते, ते तिथे डोळ्यांनी पाहायला मिळते.

प्रश्न : कळीत साखर साठते असे वाचले आहे. मिठामुळे जसे पाणी उशिरा गोठते तशी साखर कळीला गोठू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे का?

उत्तर : तेवढ्याने हिशेब लागत नाही. एक किलो पाण्यात एक मोल साखर विरघळली तर गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. वनस्पतीच्या पेशीरसात विरघळलेल्या सर्व पदार्थांची बेरीज साधारण 0.4 मोल धरली तर ही घट पाऊण अंशाच्या आसपास भरते. उणे 7 अंशांपर्यंत न गोठण्याचे श्रेय म्हणून साखरेला देता येत नाही. ते अतिशीतनाचे आहे.

साखरेचे खरे काम पेशी सुकताना सुरू होते. बाहेर बर्फ असून तापमान उणे 5 अंश असेल, तर पेशीतले पाणी तोवर बाहेर जात राहते जोवर आतला द्राव त्या तापमानाच्या बर्फाशी समतोल राखण्याइतका दाट होत नाही, म्हणजे 5 भागिले 1.86, सुमारे 2.7 मोलपर्यंत. सुरुवातीच्या 0.4 शी तुलना केली तर पेशीतल्या मोकळ्या पाण्याचा जेमतेम सातवा हिस्सा आत उरतो. इतक्या कोरडेपणात पेशीची पटले एकमेकांना चिकटून कायमची बिघडण्याचा धोका असतो, आणि तिथे साखरेचे रेणू पाण्याची जागा घेऊन पटले व प्रथिने सांभाळतात. पिष्टाचे कण आणि प्रथिनांचे साठे यांचाही असाच उपयोग होतो असे मला वाटते : ज्या पेशीचा बराच भाग घन पदार्थांनी भरलेला आहे तिला आक्रसायला जागाच कमी उरते. उन्हाळी फांदीची पेशी म्हणजे पाण्याने फुगवलेली पिशवी. एका दहिवरात ती लिबलिबीत का होते, ते यावरून ध्यानात येईल.

याच कारणाने थंडी सोसणे आणि सुकणे सोसणे ही जवळची नाती आहेत. उथळ डबक्यातले पाणी हिवाळ्यात आटले आणि कळ्या ओल्या शेवाळात उघड्या पडल्या, तरी त्यांतल्या बऱ्याच तगतात.

प्रश्न : अल्ड्रोव्हांडाच्या कळ्या शरदात बुडून तळाशी गेल्या, युट्रिक्युलेरियाच्या काही बुडाल्या तर काही तरंगत राहिल्या. असे का? आणि अल्ड्रोव्हांडाला थंडी दिलीच नाही तर चालेल का?

उत्तर : दोघींच्या बुडण्याची तऱ्हाच निराळी आहे. अल्ड्रोव्हांडा व्हेसिक्युलोसा ही मुळे नसलेली, पाण्याखाली सापळा मिटून भक्ष्य पकडणारी वनस्पती. तिच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांच्या जोरावर ती उन्हाळाभर तरंगते. कळी पक्व होताना या पोकळ्यांतली हवा जाते, पिष्ट वाढते, कळी पाण्याहून जड होते आणि आपली आपण तळ गाठते. युट्रिक्युलेरियाची कळी मात्र बहुधा पाण्याहून हलकीच असते. तिला खाली नेते ती कुजत चाललेली आईफांदी. फांदीचा लोळा बुडाला की त्याला जोडलेली कळी त्याच्याबरोबर जाते, आणि दुवा कुजून तुटला की पुन्हा वर येते. आपल्या टबमध्ये ज्या तरंगत राहिल्या त्यांची फांदी आधीच गळून गेली असणार.

तळाशी जाण्याचा लाभ पाण्याच्या एका विलक्षण गुणामुळे मिळतो. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते. तळे वरून थंड होत जाते तसे 4 अंशांचे पाणी खाली बसते आणि त्याहून थंड पाणी वरच राहून गोठते. पुरेशा खोल तळ्याचा तळ म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यातही शून्याच्या वर राहतो. अल्ड्रोव्हांडाने गोठण्याशी झुंजण्यापेक्षा ते जिथे पोहोचत नाही अशा जागी जाण्यावर भिस्त ठेवली आहे. मात्र तळापर्यंत गोठणाऱ्या टबमध्ये ही युक्ती फोल ठरते, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. उथळ भांड्यातल्या अल्ड्रोव्हांडाच्या कळ्या म्हणून शरदाच्या शेवटी काढून घ्याव्यात, असे माझे मत आहे. युट्रिक्युलेरियाच्या बाबतीत मी इतका आग्रह धरणार नाही.

वसंतात पाणी साधारण 12 ते 15 अंशांवर गेले की अल्ड्रोव्हांडाच्या कळीत पुन्हा वायू साठतो आणि ती वर येते. तरंगत आलेली कळी काही दिवसांतच लांबू लागते.

थंडी वगळण्याविषयी : आपली वनस्पती कुठल्या वाणाची आहे यावर उत्तर अवलंबून आहे. समशीतोष्ण प्रदेशातल्या वाणांत कळी धरल्यावर ती आधी आतूनच बंद असते. त्या अवस्थेत ऊब मिळाली तरी ती फुटत नाही. काही आठवड्यांच्या थंडीने हे आतले कुलूप उघडते, आणि त्यानंतर तिला थांबवून धरतो तो फक्त बाहेरचा गारवा. ही थंडी चुकली तर कळी उशिरा आणि अशक्तपणे फुटते, किंवा तोवर साठा संपवून कुजते. उष्ण प्रदेशातले वाण मुळात खरी सुप्त कळी धरतच नाहीत. थंडीत त्यांची वाढ खुंटते आणि टोक थोडे आखडते इतकेच. अशा वाणाला ‘विश्रांती’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे त्याला मारणे होय. वाण ठाऊक नसेल तर शरदात टोकांकडे पाहावे : घट्ट, गोल, बोटांना कडक लागणारी कळी असेल तरच ती थंडीत न्यावी.

प्रश्न : या कळ्यांत सापळे असतात का? शरदात भक्ष्य दिले तर कळी अधिक कणखर होते का?

उत्तर : कामाचे सापळे नसतात, असतील तर अंकुररूपात. हिवाळ्यात कळी काही पकडत नाही, तिचे श्वसनही अगदी मंद असते. भक्ष्याचा संबंध त्याआधी येतो. फांदी कुजण्यापूर्वी तिच्या जुन्या भागांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस मोठ्या प्रमाणात काढून घेतला जातो आणि टोकाकडे वळवला जातो, म्हणजे उन्हाळ्यात पकडलेल्या पाणपिसवांचा काही अंश कळीपर्यंत पोहोचतो. याने कळी मोठी होऊ शकेल. कणखरपणा मात्र थंडीच्या सरावाने येतो. शरदात उशिरा भक्ष्य घालू नये, ते सापळ्यांत न पचता सडते आणि पाणी बिघडवते.

येथे एक नोंद करावीशी वाटते. ‘सीतेची आसवे’ या नावाने मराठी वाचकांना परिचित असलेली फुले याच युट्रिक्युलेरिया वंशातली आहेत, पण त्या ओल्या जमिनीवरच्या जाती आहेत आणि प्रतिकूल काळ बियांच्या रूपाने काढतात. थंड प्रदेशातल्या पाण्यातल्या जातींना ही सोय नेहमीच नसते. युट्रिक्युलेरिया ऑस्ट्रॅलिस ही जाती युरोपच्या बऱ्याच भागांत जवळपास बी धरतच नाही. तिथे एका हिवाळ्यातून पुढच्या उन्हाळ्यात जाण्याचा तिचा रस्ता या कळीतूनच जातो.

प्रश्न : कळ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या तर कशा ठेवाव्यात, आणि जिवंत आहेत की नाहीत हे कसे ओळखावे?

उत्तर : कुजलेली पाने काढून, त्याच टबचे गाळलेले पाणी घेऊन, 2 ते 4 अंशांना अंधारात ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत. तिथले तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असते आणि न सरावलेल्या कळीची मर्यादा आपण वर पाहिलीच आहे. महिन्यातून एकदा पाणी पाहावे, ढगाळ दिसले तर बदलावे.

जिवंत कळी दोन बोटांत हलकेच दाबली तर भिजवलेल्या वाटाण्यासारखी टणक लागते. बाहेरची पाने तपकिरी झाली म्हणून तिला टाकू नये. ती आवरणाचे काम करून मेलेली असतात आणि आतला गाभा हिरवा असतो. मेलेली कळी दाबताच पिचकते, तिच्यातून धुरकट पाणी येते आणि त्याला कुबट वास असतो. शंका असेल तर एक कळी चिरून बघावी. जिवंत गाभा फिकट हिरवा दिसतो; मेलेला सर्वत्र सारखाच काळपट आणि पाणचट असतो.

फ्रीजमधली कळी बाहेर न्यायचीच असेल तर शरदातच, हलकी दहिवरे पडू लागण्याच्या आधी न्यावी, म्हणजे तिला सरावायला वेळ मिळेल. तेवढे जमले नाही तर ती वसंतापर्यंत फ्रीजमध्येच राहू द्यावी, मग जागेची कितीही अडचण होवो.

प्रश्न : टब गोठल्यावर गरम पाणी ओतून बर्फ वितळवला तर कळ्यांना मदत होईल का? आणि वसंतात फुटल्यावर पुन्हा दहिवर आले तर?

उत्तर : गरम पाणी ओतू नये. गोठताना पेशीतून पाणी जसे हळूहळू बाहेर गेले तसेच ते हळूहळू परत जावे लागते. एकदम पाणी मिळाले तर आक्रसलेले पटल पुरेशा वेगाने ताणले जात नाही आणि फाटते. बर्फ फोडणेही नको, कारण त्यात अडकलेली कळी त्याच्याबरोबर तुटते. टबवर फळी किंवा जाड पोते टाकून सूर्याचा झोत अडवावा आणि वितळण्याचे काम हवेवर सोडावे.

वसंतातले दहिवर हे जानेवारीतल्या दहिवरापेक्षा अधिक घातक असते. कळी फुटली, पाने सुटी होऊ लागली, पिष्ट खर्ची पडू लागले की तिचा कणखरपणा ओसरतो आणि ती त्या हंगामात मागे फिरू शकत नाही. उणे 3 अंशांना निवांत गोठून जगलेली तीच कळी, फुटल्यावर आठवडाभराने आलेल्या तेवढ्याच थंडीत मरू शकते. म्हणून उथळ टब लवकर तापतील अशा भिंतीलगतच्या, उन्हाच्या जागी ठेवू नयेत. सावलीतला टब पंधरा दिवस उशिरा जागा होतो, आणि एवढ्या अवधीत उशिराची दहिवरे बहुधा पडून गेलेली असतात.